भाऊबिजेचा पाचवा पाव्हणा

जाफराबाद,
१२ जानेवारी २०२५

ती. कांताताईंना गिरिजाचा नमस्कार.

फोनवर तुमाला निम्मं ऐकू येत न्हाई, आन मला निम्मं बोलता येत न्हाई, कारन फोन दुकानात असतो आन दुकानात हे असतात. म्हनून कागद घेतला. पत्र लिहून राह्यले हे तुमच्या भावाला ठावं न्हाई. तुमी बी सांगू नका.

इन्कम टॅक्सची नोटीस आल्ती. सन बावीस-तेवीसच्या हिशोबात आपन जेवनाचा खर्चा दाखवला, दोन लाख शहाण्णव हजार. साहेब म्हनतो, हा धंद्याचा खर्चा न्हाई, घरचा हाय. आता त्यावर टॅक्स भरा, व्याज भरा, दंड भरा. साहेब कोन, कुठं बसतो, कोनालाच ठावं न्हाई. सगळं कॉम्प्युटरवर. त्याला भेटून चहा पाजायची बी सोय न्हाई.

तुमाला माहीत हाय, खेड्यावरून बी-बियानं, खत न्यायला येनारा मानूस सकाळच्या यष्टीनं येतो आन त्याचा माल बांधून होईस्तोवर दुपार होती. आपल्या दुकानामागं आपलं घर. दुपारी उपाशी कोनाला जाऊ द्यायचं न्हाई, ही ह्यांची रीत. भाकरी, वरन, एक भाजी, ठेचा. मी आन मागल्या गल्लीची बायनाबाई दोघी थापतो. पर हे त्या साहेबाला कोन सांगावं?

आन चूक कुठं झाली म्हना, तर माझ्याच वहीत. मी रोज लिहिते, कोन आलं, कोन्या गावचं, किती जनं. वर लिहिते 'पाव्हणे'. पाव्हणे १४, पाव्हणे २२. जालन्याच्या आपल्या सीएनं, गोरक्षनाथनं, त्याचं इंग्रजी केलं 'रिलेटिव्ह'. त्याच्या घरी पाव्हणे म्हनजे सोयरे, दुसरं काही न्हाई. मंग साहेबानं इचारलं, एका सालात सहा हजार वेळा जेवायला येतात असे कोनते नातेवाईक तुमचे?

मला आधी हसू आलं. मंग न्हाई आलं.

आता गोरक्षनाथ म्हनतो, एक कागद देऊ, की ही सगळी जेवनं गिऱ्हाइकांची होती, पूर्न धंद्यासाठी होती. सही करा, बात खतम. हे म्हनतात, टॅक्स भरतो, पर त्या कागदावर सही करनार न्हाई. चार दिस झाले, ताट वाढलं की जेवतात, उठतात.

तुमी एकतीस वर्सं सीएच्या हापिसात काढली. काही तरी सांगा. जल्दी सांगा, दहा मार्चच्या आत उत्तर द्यायचंय.

तुमची,
गिरिजा

*

नाशिक,
२० जानेवारी २०२५

प्रिय गिरिजा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोस्टमनने हाताने लिहिलेलं पाकीट दिलं तेव्हा तोही जरा थबकला. आमच्या कॉलनीत आता फक्त बँकेची पत्रं येतात.

आधी कामाचं. कायद्याची अट एका ओळीची आहे. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, घरचा किंवा स्वतःचा नको. गिऱ्हाइकाला दिलेलं जेवण धंद्याच्या खर्चात बसू शकतं. आमच्या साहेबांची पक्षकार मंडळी मोठ्या हॉटेलात जेवायची, ती बिलं मीच फाईलला लावत असे. मागे फक्त लिहावं लागे, कोणाबरोबर आणि कशासाठी. तुझ्या भाकरीला आणि त्या हॉटेलच्या सूपला कायदा एकच आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे बिल होतं आणि तुझ्याकडे वही आहे. त्या वर्षाच्या वहीची झेरॉक्स मला पाठव. विक्रीच्या पावत्यांच्या यादीचीही.

आता मनातलं. 'पाव्हणे' हा शब्द तुझ्या पत्रात वाचला आणि मी एकदम बारा वर्षांची झाले. तुला ठाऊक आहे, मला जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे जेवणाआधी आम्ही डोळे मिटून प्रार्थना म्हणायचो आणि एका डोळ्याने आमटीकडे बघायचो. सिस्टर पोळ्या मोजून वाढायच्या, रविवारी अंडी मोजून. चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण मोजायच्या. मी दिवस मोजायचे. मग राजूरला घरी गेले की आई दारातच म्हणायची, "पाव्हणी आली गं बाई!" मला आधी वाढायची, ताट धुऊ द्यायची नाही. रामेश्वर आणि बाकीची पोरं चुलीपुढे एकमेकांच्या ताटातलं ओढून खायची आणि मी पाटावर एकटी, तुपाच्या वाटीसकट. आई लाडाने म्हणायची. मला मात्र प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

असो. म्हातारपणी माणूस कुठून कुठे जातो.

रामेश्वरच्या हट्टाचं मला नवल वाटत नाही. पण मला तुझी काळजी वाटते. तुझं मनगट गेल्या वर्षीच सुजलं होतं. खरं सांगू? टॅक्स भरून टाका आणि या निमित्ताने ही पंगत बंद करा. गिऱ्हाइकांना चहा द्या. अठ्ठावीस वर्षं पुष्कळ झाली. तुझे हात तरी सुटतील.

तुझी,
कांताताई

*

जाफराबाद,
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना नमस्कार.

झेरॉक्सचा गठ्ठा कुरियरनं धाडलाय. तुमचं पत्र वाचून मी दोन दिस भाकरी करपवल्या. बायनाबाई म्हनली, नाशिकहून काय वाईट खबर आली का? म्हनलं, न्हाई गं, माज्या नणंदेनं मला पेन्शनीत काढलं.

ताई, रागावू नका, पर तुमी उलटं वाचलं. मी कधी म्हनले की हात सोडवा? मी म्हनले, हात मोजा.

ह्यांना वाटतं, जेवनाला धंदा म्हनलं की जेवन बाटलं. मला वाटतं, त्याला घरखर्चा म्हनलं की मी बाटले. अठ्ठावीस वर्सं पहाटे उठून मी काय घरच्याच चार तोंडांसाठी पायली पायली पीठ मळत होते का? शेजारी तीन दुकानं झाली. एकानं काचा लावल्या, एकानं एसी लावला. मानसं आपल्याकडंच येतात. काहून येतात? ह्यांच्या गोड बोलन्यानं? हे तर कोनाला धड 'या' म्हनत न्हाईत. भाकरीनं येतात. मंग ती भाकर दुकानाची न्हाई का? ज्या दिशी साहेब लिहील की हा घरचा खर्चा, त्या दिशी माजी सगळी मेहनत 'बाई घरीच असते' मधी गेली.

मनगटाला तेल लावते. बराबर हाय.

आन ते पाव्हणीचं तुमी लिहिलं ते मी पदरात बांधून ठेवलंय.

ह्यांना तुमीच इचारा. माजं पत्र आलं म्हनून सांगितलं तरी चालंल. आता काय लपवायचं, गठ्ठा कुरियरला देताना त्यांनीच दोरी बांधून दिली. इचारलं मात्र न्हाई.

तुमची,
गिरिजा

*

नाशिक,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रामेश्वरास अनेक आशीर्वाद.

दोरी तू बांधलीस हे गाठीवरून ओळखलं. कात्रीशिवाय सुटली नाही.

तुझ्या बायकोने मला सगळं लिहिलं आहे आणि तिची माफी मी वेगळ्या कागदावर मागितली आहे. आता तू सांग. सही का नाही? तू कधी खोटं बिल फाडलं नाहीस, टॅक्स चुकवला नाहीस. मग खऱ्या गोष्टीवर सही करायला काय आड येतं? बाबांसारखा मान हलवून उठू नकोस. मी समोर नाही, त्यामुळे मान हलवलेली मला दिसणार नाही. लिहून कळव.

ताई

*

जाफराबाद,
१८ फेब्रुवारी २०२५

ताई,

शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलं नाही. चुका काढू नकोस.

खरं आहे त्याच्यावर सही करायला मी कधी मागं हटलो नाही. पण त्या कागदात 'सगळी जेवणं' असं लिहिलंय. सगळी नाहीत.

कारभारी आठवतो का? मेंढरंवाला, पांढरा पटका, मोठ्यानं बोलणारा. १९९६ साली दुकान उघडलं, त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, गर्दी झाली, आणि दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. तेव्हा लग्न झालं नव्हतं, मागं घर नव्हतं, मी सकाळपासून उपाशी बसलेलो. दुपारी कारभारी आला. दोन किलो ज्वारीचं बी घेतलं. पैसे मोजून दिले, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "आरं शेठ, जेवला का न्हाई?" मी म्हणालो, जेवलो. तो म्हणाला, "खोटं बोलून राह्यला." आणि खांद्यावरचं फडकं सोडून त्यानं अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. काउंटरवर बसून आम्ही दोघांनी खाल्ली.

तर या दुकानातलं पहिलं जेवण दुकानदारानं गिऱ्हाइकाला दिलेलं नाही. गिऱ्हाइकानं दुकानदाराला दिलं.

आज त्याचं वय ऐंशीच्या पुढं. मेंढरं विकली, रान पोरानं बटाईनं दिलं. सहा वर्षांत त्यानं एक पुडी घेतली नाही. दुपारी येतो, जेवतो, वट्यावर डुलकी काढतो, जातो. गिरिजाच्या वहीत रोज त्याचं नाव आहे. त्याला धंद्यासाठी जेवू घातलं असं मी सरकारला लिहून देऊ? ते खोटं होईल. आणि त्याला घरखर्च म्हटलं तर बाकीचं पण घरखर्चात जातं, असं गोरक्षनाथ म्हणतो. म्हणून म्हटलं, टॅक्स भरतो. पैसा गेला तर जाऊ दे.

गिरिजाला हे बोललो नाही. ती म्हणेल, मग माझी भाकर कशात?

तुझा,
रामेश्वर

*

नाशिक,
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय गिरिजा आणि रामेश्वर,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा. शेजारी बसून. मी सांगते म्हणून.

गोरक्षनाथ हुशार मुलगा आहे, पण त्याने सगळं एका पोत्यात भरलं. तसं करायची गरजच नाही. कायदा पूर्णपणे धंद्याचा खर्च मागतो, म्हणजे जो तसा आहे तो मागायचा आणि जो नाही तो आपणहून सोडायचा. सोडल्याने बाकीचा बुडत नाही, उलट बाकीच्यावर विश्वास बसतो.

मी पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर वही आणि पावत्या मांडून बसले आहे. गिरिजा, तुझी वही बघून आमच्या साहेबांनी तुला नोकरी दिली असती. नाव, गाव, तारीख, एकही दिवस चुकलेला नाही. ज्या माणसाच्या नावाने त्या दिवशी किंवा त्या हंगामात पावती आहे, तो गिऱ्हाईक. त्याच्यापुढे मी पावतीचा नंबर लिहिला. ज्याची पावती कुठेच नाही, तो वेगळा काढला. कारभारी, राजूरच्या देवळात आलेली आणि तुमच्याकडे उतरलेली मंडळी, साक्षीच्या शाळेतले मास्तर. साक्षी त्यांना जेवायला घेऊन येते, आईला न विचारता, असं दिसतं. हे सगळे मिळून एक्केचाळीस हजार रुपये होतात. ते आपण धंद्याच्या खर्चातून मागे घेतो आणि त्यावरचा टॅक्स भरतो. उरलेले दोन लाख पंचावन्न हजार दुकानाचे. ती तुझी भाकर, गिरिजा, आणि ती दुकानाचीच आहे, हे मी सरकारला इंग्रजीत लिहिलं आहे. रामेश्वर, आता 'सगळी' हा शब्द त्या कागदात नाही. आता सही कर.

इंग्रजीतच माझी दोन दिवस पंचाईत झाली. 'पाव्हणे' ला शब्द सापडेना. 'रिलेटिव्ह' तर चूकच. 'कस्टमर' लिहिलं तर वहीत तसं नाही. 'गेस्ट' लिहिलं तर साहेब म्हणेल, मग घरचेच की. शेवटी सिस्टरांनी शिकवलेलं सगळं इंग्रजी बाजूला ठेवलं आणि 'पाव्हणे' असंच लिहून खाली खुलासा दिला. या भागात दुकानात पाय ठेवणाऱ्याला पाव्हणा म्हणतात, सोयऱ्याला म्हणतात, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही पत्ता सांगताना पाव्हणाच म्हणतात. म्हणून शब्दावर न जाता पावतीवर जावं ही विनंती. साहेब कुठल्या प्रांतातला आहे कोण जाणे. त्याच्याकडेही असा एखादा शब्द असेलच.

आणखी एक जागा आहे. ती लिहू की नको असा विचार करत होते. पण हिशोब खरा द्यायचा तर सगळाच खरा द्यायला हवा.

२६ ऑक्टोबर २०२२. भाऊबीज. मी तुमच्याकडे होते. दुकान अर्धं उघडं होतं. वहीत लिहिलं आहे, 'पाव्हणे ५', आणि नावं चारच. कारभारी, भोकरदनकडचे दोघे भाऊ, आणि हरभऱ्याचं बी न्यायला आलेले अण्णासाहेब. मला ती दुपार लख्ख आठवते. मी रामेश्वरला ओवाळलं, त्याने मला ही मोरपंखी साडी दिली. पंगतीला ते चौघे बसले. मग तू झाकलेलं ताट घेऊन मागच्या दाराने गेलीस, बहुतेक बायनाबाईकडे. मग आपण जेवलो. बाहेरचा पाचवा कुणी नव्हता. तेव्हा ती पाचवी मी.

माझ्या नावाने बियाणाची पावती नाही. तेव्हा तेही एक जेवण मागे घ्यायला हवं. पन्नास रुपयांची गोष्ट आहे. सोबत दुरुस्तीचा वेगळा कागद जोडला आहे, तोही भरा. यात तुमची काही चूक नाही. माहेरी आलेली बहीण पाव्हणीच असते, आईसुद्धा तेच म्हणायची.

तुमची,
ताई

*

[पोस्टकार्ड]

नाशिक, २२ मार्च २०२५

प्रिय गिरिजा,
दहा तारीख उलटून गेली. उत्तर भरलं का? सही झाली का? तुझं पत्र नाही. रामेश्वरचा फोन आला तेव्हा दुकानात इतका गलका होता की 'बरं आहे' एवढंच कळलं. भाऊबिजेचं लिहिलं ते लिहायला नको होतं का? रागावला असाल तर तसं कळवा, पण कळवा.
कांताताई

*

जाफराबाद,
३ एप्रिल २०२५

ती. ताईंना गिरिजाचा साष्टांग नमस्कार.

रागावलो न्हाई. साहेबाचा निकाल येईस्तोवर लिहायचं न्हाई असं ह्यांनी ठरवलं, आन मी बी मुद्दाम ऐकलं, कारन मला एका मानसाची वाट बघायची होती. तो परवा भेटला. म्हनून आज लिहून राह्यले.

आधी निकाल. साहेबानं दोन लाख अडतीस हजार मानले. सतरा हजाराच्या पावत्या त्याला जुळल्या न्हाईत, ते कापले. आपन सोडलेले एक्केचाळीस हजार त्यानं तसेच धरले, दंड लावला न्हाई. गोरक्षनाथ इंग्रजी वाचून दाखवत होता. त्यात एक ओळ आली, की दुकानमालकाच्या घरी रोज शिजवलेलं जेवन हा ह्या धंद्याचा खर्चा हाय. मी म्हनलं, ती ओळ परत वाच. त्यानं वाचली. म्हनलं, अजून एकदा. हे म्हनाले, "आता काय फ्रेम करती का?" म्हनलं, करते.

सही कशी झाली ते ऐका. तुमचं पत्र दोघांनी शेजारी बसून वाचलं, तुमी सांगितलं तसं. कारभारीचं नाव आलं तसं ह्यांनी सगळं सांगितलं, तवा मला पहिल्यांदा कळलं की दुकानातली पहिली भाकर माझी न्हाई, त्याची होती. अठ्ठावीस वर्सं ह्या मानसानं सांगितलं न्हाई. ह्यांना म्हनलं, तुमी काय तोंडात मिठाची गुळनी धरून बसल्ते? मंग सही झाली. दुसऱ्या दिशी कारभारीबाबाला सांगितलं, बाबा, सरकारदरबारी तुमचं नाव गिऱ्हाइकातून काढलं. तो म्हनला, "बरं केलं. न्हाईतर हा रामेश्वर एक दिस मला खत इकायला बघंल." आन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता तुमचा तो दुरुस्तीचा कागद.

तो ह्यांनी भरला न्हाई. मला न इचारता फाडला. म्हनाले, ताईला हिशोब येतो पर त्या दिशीचा हिशोब तिला येत न्हाई. आमी दोघं भांडलो बी न्हाई त्याच्यावर, कारन मला ठावं होतं. पर म्हनलं, नुसतं सांगून तुमी मानायच्या न्हाईत. एकतीस वर्सं सीएकडं काढलेली बाई, पुरावा मागंल.

तर पुरावा. त्या भाऊबिजेला जालन्याहून हरभऱ्याच्या बियान्याची गाडी आल्ती. मागच्या गल्लीत उभी केली. डायवर शहागडचा पप्पू. सनासुदीला घर सोडून आलेला, अंगात ताप, पाय चिखलाचे. आत या म्हनलं तर येईना. म्हनला, "भाभी, घरात बहीण आलीय तुमच्या, सनाचा दिस, मी असा कुठं आत येऊ?" म्हनून मी ताट झाकून मागच्या दारानं गाडीपाशी नेलं. तुमी बघितलं, ते तेच ताट. बायनाबाई त्या दिशी तिच्या लेकीकडं गेल्ती. नाव लिहायचं राह्यलं, कारन मला तवा त्याचं नाव ठावं नव्हतं. नुसता आकडा लिहिला. पाच.

परवा तो पप्पू गाडी घेऊन आला. म्हनलं, बाबा, तुला आठवतं का, भाऊबिजेला कुठं जेवला होतास? म्हनला, "तुमच्या पुरनपोळीनं ताप उतरला माझा, इसरतो का?" वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आनली आन तिच्यावर त्याची सही घेतली. सोबत जोडली हाय. आमच्या बियान्याच्या गाडीचा डायवर, म्हनजे तो धंद्यातच बसतो, हो ना? ते तुमी बघा.

आन ताई, आता ते जे मी पदरात बांधून ठेवलं होतं.

त्या वहीची पानं तुमी पंधरा दिस उलटली. सालभराची. त्यात ह्यांचं नाव कुठं दिसलं का? माझं? साक्षीचं? तुमी त्या दिवाळीला नऊ दिस होत्या. नऊ दिस, दोन्ही टायमाला जेवल्या, ठेचा जास्त झाला म्हनून दह्यासाठी माझ्यावर वरडल्या बी होत्या. एकदा तरी तुमचं नाव सापडलं का? तुमी शोधलं न्हाई. तुमी नुसता आकडा बघितला आन त्यात जाऊन बसल्या.

सासूबाईंनी काय म्हनलं ते त्यांच्यापाशी. माझ्या वहीत बाहेरच्याची भाकर लिहितात. घरच्याची मी कधी मोजली न्हाई.

मे मधी साक्षीच्या सुट्ट्या लागतील तवा या. खरीपाची गर्दी सुरू व्हायच्या आधी. तुमाला पाटावर बसवनार न्हाई. पीठ मळायला बसवनार हाय, माझं मनगट खरंच दुखतं.

तुमची,
गिरिजा